वाचनालयाच्या सभागृहाची वायरिंग : २५ हजारांचा हिशेब, चुकांसकट

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

काल कार्यकारिणीने २५,००० रुपये मंजूर केले. प्रोजेक्टर एका जुन्या सभासदाने भेट दिलाय. ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर पेट्या आधीच्याच आहेत. राहिलेलं सगळं, म्हणजे माइक, मिक्सर (सगळे आवाज एकत्र करून ॲम्प्लिफायरला देणारी पेटी), वायरी, पाइप आणि मजुरी, एवढ्यात बसवायचं. ४ जानेवारीला व्याख्यानमालेचं पहिलं पुष्प आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते, तेवढ्या भांडवलावर हे काम माझ्या गळ्यात पडलं. कुठल्या तरी मंडळात किंवा सोसायटीत आणखी कोणी हेच करत असेल, म्हणून नोंदी ठेवतेय.

सभागृह ३८ बाय २२ फुटांचं. लॅपटॉप व्यासपीठाच्या डाव्या टेबलावर राहणार, प्रोजेक्टर छताला मध्यावर. फरशीवर टेप धरून मोजलं : ९ मीटर. पडदा घ्यायचा नाही, समोरची भिंत पांढरी करून घेऊ.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळच्या एसटीने पुण्यात स्वारगेट, तिथून मेट्रोने मंडई आणि चालत बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. गल्ली अशी की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने दुकानात शिरावं. बहुतेक तसंच गिऱ्हाईक मिळत असावं.

आधी एका चकचकीत दुकानात गेले. तिथे एचडीएमआय, म्हणजे लॅपटॉपचं चित्र प्रोजेक्टरला नेणारी वायर, ३ मीटरची ६,००० रुपयांना होती, कापडी वेष्टन, सोनेरी टोकं, लाकडी खोका. "रंग खुलतात मॅडम." खोका छान होता. एचडीएमआयमधून आकडे जातात. आकडे पोचले की चित्र बरोबर दिसतं, नाही पोचले की ठिपके चमकतात, चित्र तुटतं किंवा काळं होतं. पोचलेल्या आकड्यांतला लाल रंग महागड्या वायरीने आणखी लाल होत नाही. सोन्याचा मुलामा गंज टाळायला बरा, पण तो शंभर-दीडशेच्या वायरीवरही असतो.

मग खालच्या साध्या दुकानात :
एचडीएमआय १० मीटर, ९०० रुपये.
स्पीकर वायर ३५ मीटर, ७५० रुपये.
सहा चॅनेलचा मिक्सर, ६,८०० रुपये.
डायनॅमिक माइक दोन, प्रत्येकी १,९००.

माइक दुकानातच लावून बघितले. तोंडापासून चार बोटांवर धरून "प, फ, भ" म्हणायचं, मग मूठ हलवायची. पहिल्या माइकमध्ये मुठीचा खरखराट आवाजाइतकाच मोठा येत होता, तो परत ठेवला. दुसरा निवडला. या दोन वस्तूंवरचे पैसे योग्य जागी गेले असं आजही वाटतं. बाकीचं पुढे वाचा.

स्पीकर वायर मागताना दुकानदार म्हणाला, "चाळीस शहात्तर देतो, एक नंबर." वायरीवर ४०/७६ असं छापलेलं असतं. म्हणजे आत ४० तारा आणि प्रत्येक तार ०.००७६ इंच जाडीची. सगळ्या मिळून साधारण १.१७ चौरस मिलिमीटर. मी मान डोलावली आणि घेतली. सोलून बघितली नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

ॲम्प्लिफायरच्या मागच्या स्क्रूत वायर आवळताना दोन तारा तुटून हातात आल्या. पुन्हा सोलली, पुन्हा तीन तुटल्या. तांबं असं वागत नाही, ते दबतं, पसरतं. एक तार ब्लेडने खरवडली : वरून तांबडी, आतून पांढरी. अॅल्युमिनियमवर तांब्याचा पातळ थर. लायटर धरला तर तार वितळून गळून पडली. शाळेतल्या तांब्याच्या तारेवर तोच लायटर धरला, ती नुसती लाल झाली.

मग चिडून तारा मोजल्या. टेबलावर पांढरा कागद, सुई आणि चष्मा. चाळीस म्हणून घेतलेल्या वायरीत सव्वीस. दोनदा मोजल्या, सव्वीसच.

एका बाजूच्या स्पीकरची १७ मीटर वायर घेतली, एका टोकाला तिचे दोन्ही पदर आपसात जोडून दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर लावला. मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध वजा करून १.३ ओहम. स्पीकर ८ ओहमचा आहे. म्हणजे ॲम्प्लिफायर जी ताकद पाठवणार तिचा सातवा हिस्सा वायर गरम करण्यात जाणार. आवाज आला असता, तक्रारही कोणी केली नसती. पण हे टोक दर सहा महिन्यांनी तुटलं असतं आणि वायर तर भिंतीवर पट्टीत बंद.

७५० रुपये पाण्यात. घरून ब्लेड नेलं असतं तर काउंटरवरच कळलं असतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

इलेक्ट्रिशियन भाऊ आले. त्यांनी पाइपाचा मार्ग दाखवला : टेबलापासून भिंतीवर सरळ वर, तुळईच्या कडेने, पंख्याचा हूक चुकवून मध्यावर. मी सुतळी काढली आणि तोच मार्ग मोजला. साडेतेरा मीटर. माझी ९ मीटर ही कावळ्याची वाट होती, वायरीची नव्हे. १० मीटरची एचडीएमआय आता कपाटात. पाकीट फोडलेलं, परत घेणार नाहीत.

दुसरा घोळ पाइपाचा. २५ मिलिमीटरचा पाइप आणला होता. पण पाइपाचा आकडा हा बाहेरच्या व्यासाचा, आतून तो एकविसाच्या आसपास भरतो. एचडीएमआयचं टोक प्लास्टिकसकट जेमतेम तेवढंच रुंद. सरळ पाइपात ढकलून गेलं, वळणावर अडकलं. भाऊंनी अडकलेलं टोक मागे ओढून काढलं आणि ३२ चा पाइप, काटकोनी एल्बोऐवजी लांब बेंड सांगितले. पाइप, बेंड, सॅडल, स्क्रू, स्पीकरसाठी केसिंग पट्टी मिळून ११८० रुपये. २५ चा पाइप त्यांनी दुसऱ्या कामाला ठेवून घेतला, त्यांचे उपकार.

भाऊंनी आणखी एक सांगितलं, जे मला सुचलं नसतं : माइकची वायर लाइटच्या पट्टीतून नेऊ नका. आम्ही एक फूट अंतर ठेवलं आणि जिथे ओलांडायचीच होती तिथे काटकोनात ओलांडली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

पुन्हा पुणे. आधी स्पीकर वायरीच्या दुकानात. सव्वीस तारांचा तुकडा कागदात गुंडाळून नेला होता. "कापलेली वायर परत घेत नाही ताई." तारा मोजून दाखवते म्हटलं, तर म्हणे "मोजत कोण बसतं?" वाद घातला नाही. गल्लीत वाद घालायला उभं राहायलाही जागा नाही.

या वेळी 'स्पीकर वायर' हा शब्दच वापरला नाही. घरगुती वायरिंगच्या दुकानात जाऊन आयएसआय शिक्क्याची, वायरीवर आयएस ६९४ (वायरींचं भारतीय मानक) छापलेली, १.५ चौरस मिलिमीटरची दोन पदरी लवचिक तांब्याची वायर घेतली. ६० रुपये मीटर, ३५ मीटर, २,१०० रुपये. घरी मोजलं, १७ मीटरच्या बाजूला ०.५ ओहम. स्पीकरला ती वायर स्वयंपाकघरातल्या मिक्सरसाठी विकली की पंख्यासाठी, हे कळत नाही. 'ऑक्सिजनमुक्त तांबं' असं छापलेली पारदर्शक वायर शेजारी १८० रुपये मीटर होती. तीत निळसर एलईडीसारखी चमक होती, एवढाच फरक मला दिसला.

माइकसाठी दोन तारा आणि वर जाळीदार कवच असलेली वायर, ३८ रुपये मीटर, ३० मीटर, १,१४० रुपये. दुकानदाराने हातावर मोजली. घरी २९ भरली.

एक्सएलआर टोकं, म्हणजे माइकच्या वायरीची तीन पिनांची टोकं. इथे थोडं थांबते, कारण इथेच बहुतेकांचे पैसे चुकीच्या दिशेने वाचतात. ४५ रुपयांचं आणि २१० रुपयांचं टोक शेजारी ठेवून बघितलं. स्वस्तातल्या टोकाची वायर पकडणारी आतली पकड पातळ पत्र्याची होती, दुसऱ्यात जाड प्लास्टिकचे जबडे, फिरवलं की वायरीला घट्ट चावतात. माइकची वायर सहसा मधून तुटत नाही, ती टोकापाशीच तुटते, कारण व्याख्याते माइक घेऊन फिरतात आणि वायरीवर पाय ठेवतात. मी महागातली सहा घेतली, १,२६० रुपये. नामांकित कंपन्यांच्या नावाने नकली मालही गल्लीत मिळतो. खऱ्यात पिनांचे आकडे १, २, ३ स्वच्छ उमटलेले असतात आणि खटका दाबला की टोक रेंगाळत नाही, सुटतं.

शेवटी एचडीएमआय, १५ मीटर. 'फोर के, एट के, गोल्ड' छापलेली, १,८५० रुपये. घेताना मन खात होतं, पण पाचची एसटी होती. अडचण आली तर दोन आठवड्यांत बदलून देईन, असं दुकानदाराकडून बिलावर लिहून घेतलं. सबंध प्रकल्पातलं सगळ्यात शहाणपणाचं काम हे.

३० नोव्हेंबर, रविवार

पाइपात घालण्याआधी फरशीवर पसरून जोडली. प्रोजेक्टर फुल एचडीचा आहे, पण फोर के, म्हणजे चौपट ठिपक्यांचा सिग्नलही स्वीकारतो. लॅपटॉपने आपणहून फोर के पाठवलं, भिंतीवर काळोख. सेटिंगमध्ये १९२० बाय १०८० केलं, चित्र आलं. पाच मिनिटांनी पांढऱ्या भागात ठिपके चमकायला लागले, मग क्षणभर काळं, मग परत चित्र. अक्षरशः दिवाळीतली फुलबाजी.

यातलं काय कळलं ते थोडक्यात. पाकिटावर 'एट के' काय, कोणीही छापू शकतो. खरी विभागणी वेगाची : हाय स्पीड सेकंदाला १०.२ गिगाबिट, प्रीमियम हाय स्पीड १८, अल्ट्रा हाय स्पीड ४८. शेवटच्या दोहोंच्या पाकिटावर स्कॅन करता येणारं लेबल असतं, फोनवर अधिकृत ॲपने तपासता येतं. 'एचडीएमआय २.१ केबल' असं म्हणतात ते चूक, तो आकडा यंत्राचा. आणि साध्या तांब्याच्या केबलला १५ मीटर हे फार लांबचं अंतर आहे. जाड तारांची चांगली केबल फुल एचडी ओढून नेऊ शकते, माझी पातळ होती.

६ डिसेंबर, शनिवार

बिलावर लिहिलेलं होतं म्हणून १,८५० पैकी १,२०० रुपये वळते करून मिळाले. त्यात २,२०० घालून १५ मीटरची ऑप्टिकल एचडीएमआय घेतली. आत काचेचे तंतू, दोन्ही टोकांत छोटी सर्किटं. लॅपटॉपच्याच ५ व्होल्टवर चालते, वेगळा ॲडॅप्टर लागत नाही. दुकानात त्यांच्या टीव्हीला जोडून फोर के चालवून बघितली. वळवताना मात्र जपायचं, घडी पडली की संपली.

७ डिसेंबर, रविवार

आजची नोंद लिहायची लाज वाटतेय, पण लिहिते.

फरशीवर जोडली, सुंदर चित्र. दहा मिनिटं ठिपका नाही. सोडवली, गुंडाळी केली, भाऊंनी पाइपात तार सारली, आम्ही दोघांनी मिळून केबल ओढली. टोकाला प्लास्टिकची पिशवी बांधून, हलक्या हाताने, तीन वळणांतून. पाऊण तास. पाइपाचे सॅडल आवळले. जोडली. काहीच नाही.

लॅपटॉप बंद-चालू. प्रोजेक्टर बंद-चालू. इनपुट बदलून बघितलं. मी शिडीवर, भाऊ खाली, ग्रंथपाल काकू चहा घेऊन दारात. मग मी प्रोजेक्टरच्या टोकावरची बारीक अक्षरं वाचली : 'सोर्स'. या केबलला दिशा असते. एक टोक लॅपटॉपचं, दुसरं प्रोजेक्टरचं, उलटं चालत नाही. सोडवून गुंडाळी करताना टोकांची अदलाबदल झाली होती.

पुन्हा सॅडल ढिले, पुन्हा पाइपातून बाहेर, पुन्हा आत. दोन तास. भाऊ एक शब्द बोलले नाहीत, ते जास्त लागलं. आता दोन्ही टोकांना रंगीत टेप आहे : लॅपटॉपला लाल, छताला निळा. भाऊंची दोन्ही दिवसांची मजुरी १,५०० रुपये.

१३ आणि १४ डिसेंबर

डाग देण्याचं काम. २५ वॅटची सोल्डरिंग इस्त्री शाळेची. शिसं आणि आकसणारी नळी २२० रुपये. तीन वायरी करायच्या : ५, १० आणि उरलेली १४ मीटर.

पिन १ ला कवच, २ ला लाल तार, ३ ला पांढरी. दोन्ही टोकांना तेच. पहिलं टोक मन लावून केलं. डाग चकचकीत आला, ओढून बघितला, पक्का. मग बघते तर टोकाचं मागचं टोपण टेबलावर. ते डाग देण्याआधी वायरीत ओवायचं असतं. सगळं उपटून पुन्हा. तिसऱ्या टोकाला हीच चूक पुन्हा केली. चौथ्यापासून टोपण ओवून ते दातात धरल्यासारखं कपड्याच्या चिमट्याने वायरीवर अडकवून ठेवलं, मग काम.

एक डाग मंद, पिठासारखा दिसत होता. चालतोय म्हणून सोडला. रात्री वायर हलवून बघितली तर कडकड. पुन्हा तापवला.

पैशांचं खरं सांगते. माझी १० मीटरची वायर ८०० रुपयांना पडली, तशाच टोकांची तयार वायर गल्लीत ९५० ला होती. दीडशे रुपयांसाठी एक संध्याकाळ. ज्याच्याकडे इस्त्री नाही त्याने तयार घ्यावी, फक्त टोक स्क्रूने उघडणारं असावं. ३५० रुपयांची ओतीव टोकांची वायर मात्र तुटली की फेकायची.

२० डिसेंबर, शनिवार

सगळं जोडून पहिली चाचणी. माइक छान. मग मध्यंतरात गाणी लावायची सोय म्हणून फोनच्या जॅकमधून मिक्सरच्या माइक इनपुटला जाणारी तयार वायर लावली, गेल्या खेपेला ३५० रुपयांना आणलेली. अभंग लावला. टाळ ऐकू येतात, पखवाज लांबून कुठून तरी, आणि गाणारा बुवा गायब. मागे फक्त त्याच्या आवाजाचा घुमारा, जणू तो देवळाच्या गाभाऱ्यात कोंडलाय. काकू म्हणाल्या, "फोन बिघडलाय तुझा." हेडफोन लावला तर बुवा हजर.

कागदावर काढलं तेव्हा उलगडलं. त्या वायरीत डावा आवाज पिन २ वर आणि उजवा पिन ३ वर जातो. माइक इनपुट या दोन पिनांमधला फरक घेतो, वायरीत शिरलेला बाहेरचा गोंगाट त्याच युक्तीने कापला जातो. पण बहुतेक गाण्यांत गायकाचा आवाज डावीकडे आणि उजवीकडे अगदी सारखा भरलेला असतो. सारख्यातून सारखं वजा, बाकी शून्य. बुवांना आम्हीच वजा केलं होतं.

ही वायर राजरोस विकतात. तिच्याऐवजी एका जॅकचे दोन मोठे जॅक होणारी वायर घेऊन मिक्सरचे दोन चॅनेल वापरायचे. काकूंच्या मुलाकडे तसली होती, ती लावली. बुवा परतले.

२१ डिसेंबर, रविवार

लॅपटॉपचा आवाज त्याच वायरीने लावला, प्रोजेक्टर चालू, आणि स्पीकरमधून 'हम्मम'. लॅपटॉपचा चार्जर काढला, थांबलं. लावला, सुरू. लॅपटॉप एकीकडे चार्जरमधून एका अर्थिंगला जोडलेला, दुसरीकडे मिक्सरमधून व्यासपीठाच्या. या फेऱ्यातून फिरणारा ५० हर्ट्झचा प्रवाह ऐकू येतो.

ओळखीच्या एका साउंडवाल्याने फोनवर सांगितलं, "ॲम्प्लिफायरची अर्थिंगची पिन काढून टाका, जाईल." जाईल खरंच. पण मग एखाद्या दिवशी पेटीत करंट उतरला तर तो जमिनीत जाण्याऐवजी माइक धरलेल्या माणसातून जाईल. कोणीही हे करू नये, साउंडवाला कितीही जुना असो.

टेबलावरचं सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेतलं, निम्मं कमी झालं. उरलेल्यासाठी डीआय बॉक्स मागवला, मिनी जॅकचा इनपुट असलेला. आत छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, आवाज पलीकडे जातो पण तांब्याची सलग वाट तुटते. १,३५० रुपये. पुण्याहून येणारी भाची घेऊन येईल.

२७ डिसेंबर, शनिवार

डीआय लावला. ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं (ते फक्त आवाजाच्या वायरीचं कवच सोडवतं, विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही) आणि गुणगुण एकदम बंद. सभागृहात पंख्याचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला. डावा-उजवा तो आतच नीट एकत्र करतो, त्यामुळे बुवाही सुखरूप आणि मिक्सरचा एक चॅनेल मोकळा.

२८ डिसेंबर, रविवार

कार्यकारिणीला दिलेला हिशेब : एकूण २५,४०० रुपये. त्यात निव्वळ वाया गेलेले २,६५० : लहान पडलेली एचडीएमआय ९००, बदललेल्या एचडीएमआयवरचा तोटा ६५०, सव्वीस तारांची वायर ७५०, बुवा वजा करणारी वायर ३५०. वरचे ४०० मी घातले, पुण्याच्या तीन फेऱ्यांचं भाडंही. अध्यक्षांनी वाया गेलेल्या रकमेचा वेगळा रकाना बघून विचारलं, "हे लिहायलाच हवं का?" हवं, असं म्हटलं. पुढच्या वेळी हे काम दुसऱ्या कोणाच्या गळ्यात पडेल.

४ जानेवारी २०२६, रविवार

व्याख्यान झालं. वक्त्यांनी माइक स्टँडवरून काढला, दीड तास हातात घेऊन फिरले, वायरीवर दोनदा उभे राहिले. मी मिक्सरपाशी बसून त्यांच्या चपलांकडे बघत होते, विषय काय होता ते विचारू नका. चित्र एकदाही तुटलं नाही. मागच्या रांगेतल्या आजोबांनी आवाज कमी करायला सांगितला.

आवराआवर करताना काकूंनी माइकच्या वायरी कोपराभोवती, वाळत घालायच्या दोरीसारख्या गच्च गुंडाळल्या. टोकापाशी पीळ बसला होता. सोडवून सैल वेढ्यांत गुंडाळल्या, त्यांनाही तसं करून दाखवलं आणि तिन्ही वायरींना मल्टिमीटर लावला. पिन एक, बीप. दोन, बीप. तीन, बीप.